दोन साहेबांचा मार्च

मार्चमधली पुण्याची सकाळ आणि दुपार एकाच दिवसाची वाटत नाहीत. सहा वाजता बाल्कनीत उभं राहिलं की खांद्यावर ओढणी घ्यावीशी वाटते आणि अकराला त्याच बाल्कनीतल्या फरशीवर पाय ठेववत नाही. रस्त्याकडेला वाळलेल्या पानांचा खच, कडुनिंबाच्या मोहराचा कडसर-गोड वास, कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज. आणि परीक्षा. ज्या घरात परीक्षा नसते त्या घरातही या दिवसांत टीव्हीचा आवाज आपोआप खाली येतो. माझं वय आता पन्नाशीला टेकलंय, तरी मार्चचा पहिला गरम वारा आला की मला आपलाच एखादा पेपर राहिलाय असं वाटतं.

यंदाची परीक्षा आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे. माझी मुलगी ऋता गेल्या वर्षी इंजिनिअर झाली. तिला पुढच्या शिक्षणासाठी दोन ठिकाणांहून पत्रं आली आहेत, एक इंग्लंडातून, एक अमेरिकेतून. ईमेलच ती, पण तिनं छापून घेतली. इंग्लंडचं पत्र ‘आपणांस कळविण्यास आनंद होतो’ अशा थाटाचं आहे. तीन परिच्छेद, खाली सही. अमेरिकेचं पत्र सुरूच होतं, ‘ऋता, अभिनंदन!’ आणि पुढं तिला भेटायला ते लोक किती आतुर आहेत ते लिहिलंय.

‘‘आई, तू दोघांबरोबर काम केलंयस ना? मग सांग, माणसं म्हणून कोण बरे?’’ तिनं परवा विचारलं.

‘‘दोन्हीकडं चांगली माणसं असतात.’’

‘‘हे अगदी टिपिकल पुणेरी उत्तर झालं. काहीच न सांगणारं.’’

मी कैरी किसत होते, ती किसत राहिले. तिला वाटलं मी टाळतेय. मी टाळतच होते. तिचा प्रश्न मला सरळ सात वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये घेऊन गेला होता, आणि त्या मार्चबद्दल मी घरात कुणाशी बोललेले नव्हते.

त्या मार्चमध्ये ऋताची दहावी होती. नवरा नागपूरला बदलीवर, त्यामुळं सकाळी तिला परीक्षा केंद्रावर सोडायचं, फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आयांच्या गर्दीत पाच मिनिटं उगाच थांबायचं आणि मग ऑफिस, असा माझा क्रम होता. ऑफिस येरवड्याच्या पुढं. बस तुरुंगाच्या लांबलचक भिंतीजवळून जायची. रोज बघून बघून ती भिंत मला दिसेनाशी झाली होती.

आमचं ऑफिस मूळचं एका ब्रिटिश विमा कंपनीचं. लोकांचे दावे तपासणारी संगणकप्रणाली आम्ही पुण्यातून सांभाळायचो. माझ्या हाताखाली नऊ माणसं होती. आदल्या दिवाळीत एका अमेरिकन कंपनीनं आम्हाला विकत घेतलं, आणि त्या मार्चमध्ये दोघंही साहेब एकदमच पुण्यात येऊन बसले. जुन्यांकडून ग्रॅहम, नव्यांकडून डेब्रा.

ग्रॅहमना आम्ही बारा वर्षं ओळखत होतो, आणि बारा वर्षांत ते ‘ग्रॅहमसर’च राहिले. उंच, किंचित वाकलेले, बाई खोलीत आली की उठून उभे राहणारे. पँट्रीतल्या शोभाताईंनी चहा ठेवला की दर वेळी ‘थँक यू’ म्हणायचे. मान झुकवून, मनापासून. शोभाताईंचं नाव मात्र त्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला माझी शाळा कुठली, वडील काय करायचे, असं हवापाण्याबद्दल विचारावं इतक्या सहज विचारलं होतं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आपल्याकडं तरी दुसरं काय करतात? ‘‘कुठल्या आपण? म्हणजे मूळच्या?’’ हा प्रश्न पुण्यात चहाच्या आधी येतो. आडनाव, शाळा, पेठ. तीन उत्तरांत समोरचा तुम्हाला कुठल्या पाटावर बसवायचं ते ठरवतो. मी खडकीतल्या कामगार वसाहतीत वाढले. बाबा तिथल्या एका सरकारी कारखान्यात लेथवर होते. कॉलेजला गावात यायला लागल्यावर वर्षभरात मी माझ्या तोंडातलं ‘हाय’ पुसून टाकलं आणि ‘आहे’ म्हणायला शिकले. त्यामुळं ग्रॅहमसरांचं जग मला लगेच कळलं. ते आमच्याच जगासारखं होतं, फक्त इंग्रजीत.

डेब्रा आली ती थेट टेबलावर बसली. खुर्चीवर नाही, टेबलावर, पाय हलवत. ‘‘मला मॅडम म्हणायचं नाही. मी डेब्रा. इथं कुणी वर नाही, कुणी खाली नाही.’’ पहिल्या दिवशी ती स्वतः पँट्रीत गेली, शोभाताईंचं नाव विचारलं, दोनदा म्हणून पाठ केलं आणि त्यांना मिठी मारली. शोभाताई दिवसभर लाजत होत्या. ‘‘बाई मायेची आहे हो,’’ मला म्हणाल्या. मलाही तसंच वाटलं. माझे वडील काय करायचे हे डेब्रानं कधी विचारलं नाही. तिनं विचारलं, ‘‘तुला पाच वर्षांनी कुठं असायचंय?’’ बेचाळिसाव्या वर्षी मला तो प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारत होतं. रात्री झोपताना मी त्याचा विचार केला आणि मला हलकं वाटलं.

माझ्या टीममध्ये एक तायडे होते. अकोल्याकडचे, चौतिशीचे, घरात पगार आणणारे ते एकटेच. बिबवेवाडीत दोन खोल्यांत बायको, लहान मुलगी आणि आई. कामाला चोख. पण ‘‘मी करून राहिलो ना, मॅडम’’ म्हटलं की आमच्यातले दोघं-तिघं खाली बघून हसायचे. मी हसत नसे, पण त्यांना गप्पही करत नसे. हे आता लिहिताना लक्षात येतं.

नव्या कंपनीनं आमच्या संगणकांवर एक प्रणाली बसवली होती. दर थोड्या मिनिटांनी ती पडद्याचं चित्र टिपून ठेवायची. कुणी किती वेळ हात थांबवले हेही मोजायची. वरून कुणी काही बोलत नव्हतं, पण माणसं लघवीला जाताना घड्याळ बघायला लागली. आणि डेब्रानं सगळ्यांची सभा जाहीर केली. काहीही विचारा, मोकळेपणानं विचारा, नावानिशी विचारा.

सभेच्या सकाळी तायडे माझ्याकडं कागद घेऊन आले. ‘‘मॅडम, हे विचारू का?’’ त्यांनी इंग्रजीत लिहून आणलं होतं. तुम्ही म्हणता इथं प्रत्येक जण मोकळा आहे. मग आमच्या पडद्यावर नजर कशाला? तुमच्या देशातल्या ऑफिसातही ही प्रणाली आहे का? आणि तुमच्या स्वतःच्या संगणकावर आहे का?

मला प्रश्न आवडला. भीतीही वाटली. मी तो कागद घेऊन ग्रॅहमसरांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला, कागद घडीवर नीट घडी घालून परत दिला आणि म्हणाले, ‘‘ब्रेव्ह. व्हेरी ब्रेव्ह, आय मस्ट से.’’

मी बाहेर येऊन तायडेंना सांगितलं, ‘‘विचारा. ग्रॅहमसरांनाही धाडसी वाटला प्रश्न.’’

आज मला माझंच आश्चर्य वाटतं. मी पुण्यात वाढलेली बाई. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार ‘‘आपली आवड फारच वेगळी आहे हं’’ म्हणाला की साडी परत ठेवायची, हे मला दहाव्या वर्षापासून कळतं. तरी मला त्या ‘ब्रेव्ह’चा अर्थ लागला नाही. इंग्रज माणूस एवढ्या शांतपणे धाडसाचं कौतुक करतो तेव्हा तो सांगत असतो की हे अजिबात करू नका.

सभेत तायडे उभे राहिले. सगळा प्रश्न त्यांनी वाचला. डेब्रा टेबलावरून खाली उतरली आणि टाळ्या वाजवायला लागली. ‘‘हेच! हेच मला हवं होतं. काय नाव तुमचं?’’ तिनं नाव लिहून घेतलं. प्रणाली सगळीकडं आहे, माझ्याही संगणकावर आहे, ती म्हणाली, आणि ज्याला ती मान्य नाही त्याला दुसरीकडं जायचं पूर्ण स्वातंत्र्य आहे, तसं मलाही आहे. तिच्या आवाजात धमकी नव्हती. खरोखरच तिला ते स्वातंत्र्य वाटत होतं. ग्रॅहमसर खिडकीबाहेर बघत होते.

त्या सभेनं तायडेंचं नाव पक्कं झालं का, की ते आधीच यादीत होतं, हे मला आजही माहीत नाही. दहा दिवसांनी, ऋताचा भूमितीचा पेपर होता त्या दिवशी, डेब्रानं मला बोलावलं. समोर एक फॉर्म होता. तायडेंच्या पदाची गरज उरलेली नाही, असा मजकूर, आणि खाली एक वाक्य: हा निष्कर्ष मी स्वतंत्रपणे, कोणत्याही दबावाशिवाय काढला आहे. त्याखाली माझं नाव छापलेलं. सहीची जागा कोरी.

‘‘डेब्रा, हा माझा निष्कर्ष नाही,’’ मी म्हटलं. ‘‘तायडे माझ्या टीममधले सगळ्यांत चांगले आहेत.’’

‘‘ओके.’’ ती रागावली नाही. पुढं झुकून ऐकायला लागली. ‘‘हे मला आधी का नाही सांगितलंस?’’

‘‘तुम्ही विचारलं नाहीत.’’

‘‘विचारायला कशाला हवं? तू बोलू शकतेस की! टीम तुझी आहे. नको वाटत असेल तर सही करू नकोस.’’

मी सुटकेचा श्वास घेतला, तोच ती म्हणाली, ‘‘मग दुसरं नाव दे. एक नाव मला लागेल. कुणाचं, ते तू ठरव. चारपर्यंत.’’

आणि मग तिनं मला स्वतःचं सांगितलं. तिला तीनदा असं काढलं होतं. दर वेळी तिनं खोक्यात सामान भरलं, गाडीत बसून रडली आणि दुसऱ्या आठवड्यात नवीन काम शोधलं. ‘‘त्यानं मी मोठी झाले. तोही होईल. माणसाला कमी लेखू नकोस, कल्पना.’’ तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला तिच्यावर चिडता येईना.

मी ग्रॅहमसरांकडं गेले. दार उघडंच होतं. ते पुस्तकं खोक्यात भरत होते. त्यांचाही तो शेवटचा महिना होता.

‘‘तुम्हाला कळलं होतं,’’ मी म्हटलं. ‘‘त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं की त्यांनी विचारू नये.’’

‘‘मी तसं म्हणालो होतो.’’

‘‘नाही म्हणालात.’’

ते खुर्चीत बसले. मग म्हणाले, ‘‘माझे वडील बस चालवायचे. मी अठराव्या वर्षी बोलण्याची ढब बदलली. आता घरी गेलो की भाऊ माझी नक्कल करतो, आणि लंडनमध्ये जेवायला बसलो की दुसऱ्या वाक्याला समोरच्याला समजतं की ही ढब शिकलेली आहे. डेब्राला यातलं काहीच ऐकू येत नाही. तिला माझे वडील ऐकू येत नाहीत. तिच्यासमोर बसलो की मला आयुष्यात पहिल्यांदा मोकळं वाटतं. आणि ती मला काढते आहे.’’ ते हसले.

‘‘तायडेंसाठी काही करा, सर.’’

‘‘आता ते माझ्या अधिकारात बसत नाही. बोलणं बरं दिसणार नाही.’’

बरं दिसणार नाही. बारा वर्षांचा साहेब, दाराबाहेर एका माणसाचं घर हलतंय, आणि यांना काय बरं दिसेल याची काळजी. पण मी तरी कुठं वेगळी होते? मी जागेवर जाऊन टीमच्या नऊ नावांकडं बघत बसले. एक गरोदर होती. एकाचं नुकतंच लग्न झालेलं. दोघांशी माझं घरी येणं-जाणं होतं, सदाशिव पेठेतली, त्यांच्या आया मला नावानं ओळखायच्या. तायडेंच्या घरी मी कधी गेले नव्हते. दहावं नाव माझंच घालता आलं असतं. ते मला सुचलं, हे मी लपवणार नाही. सुचलं, आणि ऋताची अकरावी, बारावी, पुढचं सगळं डोळ्यांपुढून गेलं. चाराला दहा मिनिटं असताना मी सही केली. मला कुणी जबरदस्ती केली नाही. फॉर्मवर तसं लिहिलेलंच होतं.

तायडेंना खाली बोलावलं गेलं. पंधरा मिनिटांत त्यांचा संगणक बंद झाला, गळ्यातलं ओळखपत्र काढून घेतलं. मी खाली लिफ्टपाशी गेले. त्यांच्या हातात डब्याची पिशवी आणि एक पाकीट होतं. मी त्यांचा हात हातात घेतला.

‘‘असू द्या, मॅडम,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही तर माझ्यासाठी बोलल्याच असान.’’

मी मान हलवली. होकारार्थी.

संध्याकाळी मी ऋताला घेऊन खडकीला बाबांकडं गेले. पेपर चांगला गेला होता, ती आतल्या खोलीत पसरली होती. बाबांना मी सगळं सांगितलं, सही सोडून. बाबांच्या कारखान्यात साहेबांचं कॅन्टीन वेगळं, सायकलींचा स्टँड वेगळा, आणि त्याची बाबांना चीड होती. पण एकदा साहेबाला उलट बोलले म्हणून त्यांना मेमो मिळाला, तेव्हा त्यांनी तीन पानी लेखी उत्तर दिलं होतं, आणि ते साहेबाला वाचावं लागलं होतं. ती तीन पानं त्यांनी जन्मभर जपली.

‘‘मग याचं लेखी उत्तर कोण घेणार?’’ बाबांनी विचारलं.

‘‘कुणी नाही.’’

‘‘आन् सही कोणाची हाय?’’

‘‘वरून आलं सगळं, बाबा.’’

ते माझ्याकडं बघत राहिले. मग पाण्याचा तांब्या पुढं केला. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांना खरं कळलं होतं का, हे मी स्वतःला किती वेळा विचारलंय.

आता ऋताचे ते दोन कागद टेबलावर, आणि मी तिला ‘दोन्हीकडं चांगली माणसं असतात’ असं सांगून मोकळी होत होते. काल दुपारी, ऊन अगदी पांढरं पडलेलं असताना, मी पंखा लावून तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. डेब्राची मिठी, ग्रॅहमसरांचं ‘ब्रेव्ह’, फॉर्म, चारला दहा कमी. एकीकडं तुझा बाप कोण हे कुणी विसरू देणार नाही, मी म्हटलं, पण तुला काढायचं तर निदान संकोच करतील. दुसरीकडं तुझा बाप कोण याच्याशी कुणाला देणंघेणं नसेल, ते फार मोठं सुख आहे, पण उद्या तू कोण याच्याशीही नसेल. मला एवढंच समजलंय. आणि त्या दोघांच्या मधे मी होते, इथली, आणि सही माझी आहे.

माझी तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती.

‘‘त्यांना सांगितलंस?’’ ऋतानं विचारलं.

‘‘कुणाला?’’

‘‘तायडेकाकांना.’’

‘‘नाही.’’

‘‘नंबर आहे?’’

नंबर होता. सात वर्षं होता. दर दिवाळीला त्यांचा शुभेच्छांचा मेसेज यायचा आणि मी हात जोडल्याचं चित्र पाठवायचे. ऋता उठून आत गेली आणि दार लावून घेतलं. ती रागावली होती की मला एकटं सोडत होती, कळलं नाही. मी फोन लावला. पहिल्यांदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

‘‘मॅडम! बोला बोला.’’ मागं यंत्रांचा आवाज येत होता. ते आता एका छोट्या छापखान्यात संगणकाचं काम बघतात, हे मला माहीत होतं.

मी प्रस्तावना केली नाही. ‘‘तायडे, त्या फॉर्मवर सही माझी होती. मी तुमच्यासाठी शेवटपर्यंत बोलले नाही. आणि लिफ्टपाशी खोटी मान हलवली.’’

यंत्रांचा आवाज लांब गेला. ते बाहेर आले असावेत.

‘‘माहीत आहे मला,’’ ते म्हणाले. ‘‘पाकिटात त्याची प्रत होती. पाकीट हातात पडलं तेव्हाच वाचली होती.’’

‘‘म्हणजे लिफ्टपाशी तुम्हाला...’’

‘‘हो. तुम्ही सांगान म्हणून तसं बोललो. मग फाटकाबाहेर पण थांबलो होतो अर्धा घंटा.’’

मला रडू येत होतं, पण रडणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडूनच काहीतरी मागणं झालं असतं.

‘‘राग नोकरीचा नव्हता, मॅडम,’’ ते सावकाश म्हणाले. ‘‘नोकरी गेली, दुसरी भेटली. पण त्या दिवशी ग्रॅहमसर मला सॉरी म्हणाले. डेब्रा मॅडम गुड लक म्हणाल्या, मिठी मारली. तुम्ही हात हातात घेतला. सगळे चांगलेच वागून राहिले होते. मी भांडू कोणाशी? घरी जाऊन बायकोशी भांडलो. आईशी भांडलो. मुलीला मारलं एकदा. सात वर्षं झाली, अजून मला कोणी भांडायला भेटलं नाही.’’

बाहेर रस्त्यावर शाळेच्या बसमधून मुलं उतरत होती. त्यांचा गलका खिडकीतून येत होता. मी उठून खिडकी लावली.

‘‘आता भांडा,’’ मी म्हटलं. ‘‘मी फोन ठेवणार नाही.’’

पलीकडं त्यांनी घसा साफ केला.

‘‘मग ऐका,’’ तायडे म्हणाले, आणि पहिल्यांदाच, मॅडम न म्हणता, आवाज चढवून बोलायला लागले.